नियमात बसणारी भेट

भेट काय द्यावी हा प्रश्न भेट देणाऱ्याच्या सोयीने सुटला पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत होतं. आमच्या लग्नात सात भिंतीवरची घड्याळं आली होती. ती आम्ही पुढची अकरा वर्षं इतरांच्या लग्नांत वाटली आणि कुणाचं काही अडलं नाही. शिवाय मी पडलो भांडारपाल. एका मोठ्या कचेरीत टाचणीपासून टेबलापर्यंत जे जे लागतं ते नोंद करून घ्यायचं आणि सही घेऊन द्यायचं, हे माझं तीस वर्षांचं काम. माझ्या भांडारातून एक टाचणी विनासही बाहेर गेलेली नाही. त्यामुळे वस्तूंची मला समज आहे, असा माझा समज होता. तो व्यसनमुक्ती केंद्रातल्या मेव्हण्यासाठी भेटवस्तू निवडताना आठवड्याभरात उतरला.

सोमवारी केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमच्या मेव्हण्यांचे सहा महिने पुढच्या आठवड्यात पूर्ण होतात. त्यांनी भेटायला होकार दिलाय. पण फक्त तुम्हाला. ताईंना नको म्हणतात."

मी बायकोकडे पाहिलं. तिने इतके महिने एकही भेटीचा रविवार चुकवला नव्हता. दर वेळी तो भेटायला नाही म्हणायचा आणि ही बाहेरच्या बाकावर वेळ संपेपर्यंत बसून परत यायची.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "आमच्या फॉर्मात 'बाहेर पडल्यावर राहण्याचा पत्ता' असा रकाना आहे. तो त्यांनी कोरा ठेवलाय. पत्ता नसला तर आम्हाला त्यांना लांबच्या वसतिगृहात पाठवावं लागतं. तिथून घरी परतणारे फार थोडे असतात. येत्या रविवारी या, आणि येताना काहीतरी घेऊन या. विचार करून आणा हं."

तो रकाना कोरा का होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मेव्हणा शिंपी. साधासुधा शिंपी नव्हे, माणूस दारातून आत येईपर्यंत नजरेने त्याचं माप घेणारा. मग दारू आली, हात कापायला लागले आणि गिऱ्हाइकांची कापडं गायब व्हायला लागली. माझ्या मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं सुटाचं कापड मी त्याच्याकडे विश्वासाने दिलं, तेही त्याने विकलं. चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मी दारात उभा राहून, चार शेजाऱ्यांच्या देखत त्याला म्हणालो होतो, "आजपासून हा पत्ता विसर." माणूस आज्ञाधारक निघाला.

"तो घरी यायला हवा," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

आता खरेदीची एक पद्धत असते. आधी गरज निश्चित करायची, मग पर्याय मागवायचे, मग समितीसमोर ठेवायचे. मी कागदावर उभी रेघ मारून एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला आक्षेप असे रकाने पाडले. पहिली वस्तू लिहिली, मनगटी घड्याळ.

"दिवस मोजून मोजून दमलाय तो," बायको म्हणाली. "आता तास मोजायला लावताय?"

घड्याळावर काट मारली. दुसरी वस्तू अत्तर. सहा महिने फिनेलच्या वासात राहिलेल्या माणसाला जरा बरं वाटेल, असा माझा कोमल विचार. मी उंची बाटली आणली आणि फुशारकी मारायला म्हणून खालच्या औषधवाल्याला दाखवली. त्याने चष्मा वर केला, बाटली उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"यात सत्तर टक्के तेच आहे," तो म्हणाला.

"तेच म्हणजे?"

"जे सोडायला त्यांना तिथे ठेवलंय ते." मग त्याला चेव चढला. त्याने मला खोकल्याचं औषध दाखवलं, तोंड धुवायचं पाणी दाखवलं, हात पुसायचा द्रव दाखवला. त्याच्या निम्म्या दुकानात तेच होतं. मी घरी येऊन दाढीनंतर लावायचं माझं स्वतःचं पाणी मोरीत ओतलं. नंतर दोन दिवस मोरीला इतका सुंदर वास येत होता की बायकोने विचारलं, कोण येऊन गेलं?

एव्हाना ही बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, कारण दुसरं काही म्हटलं तर ते दुरुस्त करतात. ते मंगळवारी संध्याकाळी बगलेत पुस्तक मारून खाली आले.

"भेट बोधप्रद हवी," त्यांनी बसता बसताच निकाल दिला आणि पुस्तक पुढे केलं. पुस्तकाचं नाव 'यकृताचं मनोगत'. मुखपृष्ठावर यकृताचं रंगीत चित्र होतं. यकृताला डोळे होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"हे माझ्याकडून. पण तुमच्याकडून काहीतरी कायमस्वरूपी द्या. व्यसन सोडणं हा विजय आहे की नाही?"

"आहे."

"मग विजेत्याला काय देतात?"

मी आयुष्यात कुणालाही मानचिन्ह दिलेलं नाही आणि मला कुणी दिलेलं नाही. त्यामुळे की काय, मला ती कल्पना एकदम पटली. बुधवारी कचेरीतून अर्धी रजा काढून मी करंडकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "काय कोरायचं?" मी म्हणालो, "सहा महिने यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल." त्याने विचारलं, "कोणत्या स्पर्धेचे?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "चालण्याच्या." त्या दुकानदाराने कौतुकाने मान हलवली. "सहा महिने चालत होते? पहिले आले का दुसरे?"

मी पहिले म्हणालो. आता खोटं बोलायचंच होतं तर मेव्हण्याला दुसरा कशाला आणायचा?

करंडक घरी आला. पितळी, चकचकीत, दोन कान असलेला. मी तो टेबलावर ठेवला आणि बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हा पेला आहे."

मी पुन्हा पाहिलं. पेलाच होता. चांगला भरपूर मावेल असा, दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावायचा पेला. इतका वेळ मला तो का दिसला नव्हता, कोण जाणे. बायको हसली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला त्याला काहीतरी द्यायचंय, हेच मला पुष्कळ आहे. पण त्याला काय हवंय हे आपल्या दोघांनाही माहीत नाही, नाही का?" मी करंडक उचलून फडताळावर ठेवला. आता त्यात आम्ही सुट्टे स्क्रू ठेवतो.

गुरुवारी, शुक्रवारी मी इतक्या लोकांचे सल्ले ऐकले की नाकी नऊ आले. कचेरीतला हेडक्लार्क म्हणाला, मासे द्या, काचेच्या टाकीतले, मन रमतं. औषधवाला म्हणाला, वजनकाटा द्या. गुरुजी तर रोज येऊन बोधप्रदतेची पातळी तपासून जात. शेवटी शनिवारी पिशवी भरली ती अशी. हिरव्या पानांचं एक झाड, कुंडीसकट. बिस्किटांचा डबा. तारेच्या बांधणीची वही आणि पेन. गुरुजींचं यकृत, कारण ते नेलं नाही तर गुरुजी स्वतः घेऊन गेले असते. मी सगळ्याची यादी केली, दोन प्रतींत. एकूण नग पाच.

रविवारी बायको मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. "त्याला रागावू नका," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि फार गोडही बोलू नका. त्याला कळतं."

केंद्राच्या फाटकाशी एक खिडकी होती, खिडकीत एक नोंदवही होती आणि नोंदवहीमागे एक माणूस होता. नोंदवहीच्या कडा घासलेल्या, पानं आकड्यांनिशी, पट्टीने मारलेल्या रेघा. मला एकदम आपल्या माणसाला भेटल्यासारखं वाटलं. मी माझी यादी पुढे केली. त्याने ती वाचली, आणि माझ्याकडे आदराने पाहिलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"कुंडीत माती आहे," तो म्हणाला.

"कुंडीत मातीच असते."

"माती आत जात नाही. मातीत काहीही पुरून आणता येतं." त्याने कुंडी बाजूला ठेवली. "हा डबा सीलबंद आहे. सीलबंद डबा उघडून तपासावा लागतो."

"उघडा की."

"उघडलेला डबा आत घेता येत नाही."

"मग आत कोणता डबा जातो?"

त्याने शांतपणे विचार केला. "डबा जात नाही."

वहीला तार होती, म्हणजे वही बाद. पेनाला टोक होतं, पेन बाद. "नियमात बसत नाही," असं तो प्रत्येक वेळी म्हणत होता. हेच वाक्य मी तीस वर्षं लोकांना ऐकवत आलो आहे. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं, याची मला कल्पना नव्हती.

मग त्याने पिशवीच्या तळाशी हात घातला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. "यादीत हा सहावा नग नाही," तो म्हणाला. टॉवेल उलगडला, तर आत वीतभर पात्याची शिंप्याची कात्री.

खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. "ही काय आहे?"

"कात्री."

"कशाला आणलीत?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. ते शंभर टक्के खरं होतं आणि त्याहून वाईट उत्तर असू शकत नव्हतं.

कात्री मेव्हण्याची होती. त्याने मशिन विकलं, टेबल विकलं, तेव्हा बायकोने ही कधीतरी उचलून आणली असणार. पात्यांना ताजं तेल होतं. म्हणजे चार वर्षं ती कपाटात कुठेतरी ठेवून, मला न सांगता, तिला तेल घालत होती. माझ्याच घरातली वस्तू आणि मला पत्ता नाही. मी त्या खिडकीशी उभा राहून बायकोवर चिडायचा प्रयत्न केला. चिडता आलं नाही.

कात्री निघाल्यामुळे माझी पूर्ण झडती झाली. बुटांच्या नाड्या काढून घेतल्या आणि कमरेचा पट्टा काढून घेतला. "पट्टा राहू द्या," मी हळूच म्हणालो, "पँट ढगळ आहे." त्याने नोंदवहीत 'पट्टा, नग एक' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. सगळं पाहून झाल्यावर त्याने एकच वस्तू माझ्या हातात परत दिली.

"हे चालेल," तो म्हणाला. "बोधप्रद आहे."

अशा रीतीने मी, तीस वर्षं नोकरी झालेला, घरंदाज गृहस्थ, एका हाताने पँट धरून, दुसऱ्या हातात रडणारं यकृत घेऊन, नाड्या नसलेले बूट फरफटवत भेटीच्या दालनात शिरलो.

दालनात सहा टेबलं होती. शेवटच्या टेबलाशी मेव्हणा बसला होता. वाळला होता. केस पाण्याने चापून बसवले होते, लहान मुलाचे शाळेत पाठवताना बसवतात तसे. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून ठेवले होते. समुपदेशक बाई दाराजवळ काही लिहीत बसल्या होत्या. येताना त्या मला हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "इथे शिवणखोली आहे. पण ते सुईला हात लावत नाहीत."

मी बसलो आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. मेव्हण्याने यकृताकडे पाहिलं.

"याच्या दोन प्रती आहेत इथे," तो म्हणाला.

"वाचलंस?"

"एक मी वाचली. दुसरी कुणी उघडत नाही."

बसमध्ये मी एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं घोटून घेतलं होतं. ते असं, की त्या दिवशी मी दारात जे बोललो ते चुकलं, आणि तू घरी ये. पण ते बसून म्हणण्यासारखं वाक्य नव्हतं. मी उभा राहिलो. घसा साफ केला. "मी तुझी माफी मागायला आलोय," असं म्हणालो आणि हात जोडले. दोन्ही.

पँट सरळ गुडघ्यांपर्यंत खाली आली.

सहाही टेबलांवरची कुजबुज थांबली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या आईने सभ्यपणे मान फिरवली. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा मनापासून माफी मागत होतो, आणि ती अशी मागितली गेली. मी पँट वर ओढून खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते लाजेचं की कशाचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मेव्हणा हसला नाही. तो माझ्या कमरेकडे पाहत होता.

"कंबर चौतीस," तो म्हणाला. "ही अडतीसची आहे. कुणी शिवली?"

"शिवली नाही. तयार घेतली."

"तयार?" त्याच्या आवाजात असं काही होतं, जणू मी चार वर्षं उपाशी असल्याचं सांगितलं होतं. "तुम्ही तयार पँट घालता, भाऊजी?"

"तेव्हापासून तीच घालतो. दुसऱ्या शिंप्याकडे जायला मन होईना."

हे मी आधी कुणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही. तिला वाटायचं मी चिक्कू आहे.

"ते सुटाचं कापड मी विकलं," मग तो म्हणाला.

"जाऊ दे ते."

"जाऊ दे म्हणू नका. मला ते तोंडाने बोलायचं होतं, म्हणून तुम्हाला बोलावलं. ताईसमोर झालं नसतं, ती मला बोलूच देत नाही, आधी रडते. विकलं मी, भाऊजी. निळसर करडं होतं. तुम्हाला चांगलं दिसलं असतं."

"दिसलं असतं," मी म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

मग त्याने हात मांडीखालून काढले आणि टेबलावर ठेवले. ते कापत होते. फार नाही, पण कापत होते. "काढा," तो म्हणाला.

"काय?"

"पँट. असे बाहेर जाणार तुम्ही?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि उठल्या. पाच मिनिटांनी त्या शिवणखोलीची वही, एक सुई आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. सुई, नग एक. त्याने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. दोरा फक्त पांढरा होता आणि पँट काळी होती, पण त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. मी कोपऱ्यातल्या पडद्यामागे जाऊन पँट उतरवली, केंद्राची चादर कमरेला गुंडाळली आणि सगळ्यांसमोर येऊन खुर्चीवर बसलो. माझी लाज त्या दिवशी आधीच इतकी खर्च झाली होती की चादरीसाठी काही शिल्लक नव्हती.

त्याने सुईच्या टोकाने कमरेची शिवण उसवली. ते जमलं. मग दोरा ओवायला घेतला. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या डावीकडून गेलं. मग उजवीकडून. त्याने टोक तोंडात ओलं केलं, पुन्हा नेलं, पुन्हा चुकलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मी समोर बसलो होतो, माझे हात स्थिर होते आणि माझी नजर अजून चांगली आहे. 'दे, मी ओवून देतो' हे शब्द माझ्या ओठांवर येऊन बसले होते. मी आयुष्यभर लोकांना न मागता मदत आणि न विचारता सल्ला दिला आहे. त्या क्षणी मी चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि तोंड बंद ठेवलं. इतकं अवघड काम मी कधी केलेलं नाही.

दहाव्या की अकराव्या खेपेला दोरा गेला. दारातल्या बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

पहिले टाके वाकडे पडले. ते त्याने उसवले आणि पुन्हा घातले. हळूहळू हाताला जुनी ओळख पटत गेली, टाके जवळ आले, एका रांगेत बसायला लागले. डावी बाजू दोन इंच आत गेली. त्याने दोरा दाताने तोडला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि उजव्या बाजूला सुई लावणार, एवढ्यात घंटा झाली. भेटीची वेळ संपली. बाईंनी सुईसाठी हात पुढे केला. नियम म्हणजे नियम, मी काही बोलू शकत नव्हतो.

त्याने सुई परत दिली, वहीत सही केली आणि अर्धवट पँटकडे पाहिलं.

"एक बाजू राहिली," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पुढच्या रविवारी घरी आलो की करतो."

मी पडद्यामागे गेलो आणि पँट चढवायला मला जरा जास्तच वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा बाईंच्या टेबलावर तो फॉर्म होता आणि मेव्हणा तो कोरा रकाना भरत होता. अक्षर हलत होतं. पण इमारतीचं नाव, मजला, दाराचा नंबर, सगळं बरोबर होतं. काही विसरला नव्हता.

फाटकाशी सही करून पट्टा, नाड्या आणि कात्री परत घेऊन घरी आलो, तर बायको दार उघडूनच उभी होती. मी काही सांगायच्या आत तिचं लक्ष कमरेकडे गेलं. पांढरे टाके लांबूनही दिसत होते. तिने मला दारातच वळवलं, पट्ट्याच्या वर बोट घालून शिवण उलटी केली, आणि तिचं बोट त्या टाक्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. दोनदा गेलं.

"कधी येतोय?" तिने विचारलं.

"रविवारी. उजवी बाजू राहिलीय."

ती खूप रडली. मी तिला रडू दिलं, आणि खरं सांगायचं तर तिला सोबतही केली. डोळे पुसून झाल्यावर, गृहिणीच ती, म्हणाली, "काढून द्या ती, दुसरी बाजू मी घालून देते. कचेरीत काय अशी घालून जाणार?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

सोमवारी मी तीच पँट घालून कचेरीत गेलो. डावीकडून ती अंगाबरोबर बसत होती, उजवीकडून मूठभर कापड पट्ट्याबाहेर डोकावत होतं, आणि काळ्या पँटवर पांढरे टाके सगळ्या भांडाराला दिसत होते. हेडक्लार्क सही घ्यायला आला, माझ्याभोवती एक फेरी मारून गेला, परत आला आणि न राहवून म्हणाला, "साहेब, तुमची पँट एकाच बाजूने शिवलीय."

"हो," मी म्हणालो. "काम चालू आहे."